कोनाड्याखालची ओल

विहिरीच्या भिंतीत आडवं बोअर मारायचं की नाही यावरून थोरल्याच्या घरात सकाळी सकाळीच जुंपली. त्यांच्या आणि आमच्या अंगणात एक काटक्यांचं कुंपण तेवढं आहे, त्यामुळं चहा घेता घेता मला सगळं आयतं ऐकायला मिळालं. कान लावायची गरजच नव्हती. थोरलीचा आवाजच असा, की तिनं तिच्या अंगणातली कोंबडी हाकलली तरी माझ्या अंगणातली पळते.

“अजून किती दिवस त्या खड्ड्याच्या मागं लागायचं?” ती थोरल्याला म्हणत होती. “गेला उन्हाळाभर दोघं भाऊ राबलात. निघालं काय? दगड.”

“खड्डा म्हणू नको. विहीर आहे ती.”

“विहिरीत पाणी असतं म्हणे.”

 तसा थोरला बोलण्यात कधीच टिकत नाही बायकोपुढं. पण या वेळी हळूच म्हणाला, “एकदा शेवटचं बघू. पोरींच्या माना मोडायला लागल्यात कालव्यावरून पाणी आणून आणून. मशीनवाल्याला मी सांगून आलोय. उद्या येतोय तो.”

थोरली काय म्हणाली ते मी ऐकलंच नाही, कारण माझं लक्ष धाकटीकडं गेलं. ती अंगणातल्या चुलीपुढं फुंकर घालत बसली होती. मशीनवाला उद्या येतोय म्हटल्यावर तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. धूर तोंडावर येत होता तरी तिनं मान वळवली नाही.

धाकटी म्हणजे थोरल्याच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ आता नाही. विहीर त्यानंच मनावर घेतली होती. थोरला वर, हा खाली. हा पहार मारायचा, थोरला घमेली ओढायचा. पुरुषभर खाली गेले, दोन पुरुष गेले, पुढं पुढं तर वरून बघितलं की त्याचं डोकं नारळाएवढं दिसायचं. पाणी काही लागलं नाही. मग पेरणी आली म्हणून काम थांबलं, आणि त्याच पावसाळ्यात खत घेऊन परत येताना ट्रॉली उलटली. पाठीमागं राहिली ती धाकटी, तिची एक पोरगी, आणि ती कोरडी विहीर.

पोरीला सगळे मुंगी म्हणतात. जेव्हा बघावं तेव्हा डोक्यावर नाहीतर हातात काहीतरी असतंच, म्हणून मुंगी.

आता एक सांगते. त्या घरात धाकटीला कुणी वाईट वागवत नाही. लोकांना वाटतं, विधवा सून आहे म्हणजे छळ असणार. तसलं काही नाही. उलट सगळे जीव लावतात, आणि तीच पंचाईत आहे. दोन खोल्यांचं घर, माणसं ही एवढी. धाकटीच्या डोळ्यांत नुसतं पाणी दिसलं की म्हातारी सासू ऊर बडवायला लागते, कारण गेला तो तिच्या पोटचा. म्हातारी रडली की थोरला ताटावरून उठतो. थोरला उठला की पोरं घाबरून भिंतीला चिकटतात, आणि थोरलीची बडबड बंद होते, ते तर सगळ्यांत वाईट. एकीच्या रडण्यानं सगळं घर उपाशी झोपायचं. असं दोन-चारदा झाल्यावर धाकटीनं घरात रडणं सोडूनच दिलं. नवरा जाऊन महिना झाला नाही तोवर ही हसतबिसत कामं करायला लागली. गावातल्या बायका म्हणाल्या, काळीज दगडाचं आहे. मीही म्हणाले असते, जर मला त्या दुपारी विहिरीच्या काठावर तिच्या चपला दिसल्या नसत्या.

आमचं शेत त्यांच्या शेताला लागूनच आहे. मी शेळ्या घेऊन गेले होते. भर दुपार, रानात चिटपाखरू नाही, आणि काठावर दोन चपला अगदी शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.  मी जी बोंब ठोकली!

“काकू, ओरडू नका,” खालून आवाज आला. “मी आहे. बसलेय नुसती.”

“बसायला दुसरी जागा नाही का तुला?”

“नाही,” ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. तळाला, पूर्वेच्या अंगाला, एक कोनाडा कोरलेला आहे. तो तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या शिदोरीसाठी आणि पाण्याच्या बाटलीसाठी कोरला होता. त्याच्याच खाली ती पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती. वर एवढं ऊन की माती भाजत होती, आणि खाली तिच्या अंगावर गार सावली. चेहरा रडून सुजलेला, पण कसा सांगू, मोकळा झालेला. पोटभर झोपून उठलेल्या माणसासारखा. खाली उतरायच्या पायऱ्याही त्यानंच भिंतीत खोदल्या होत्या, त्याच्या पावलाच्या मापाच्या. ती त्यांवरून चढून आली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “घरी सांगू नका हं.”

“मी कशाला सांगतेय? पण चपला वर काढून ठेवू नको पुन्हा. माझं वय झालंय.”

त्यावर ती खरोखरची हसली. तेव्हापासून चपला हातात घेऊन खाली उतरायची. माझ्या शेळ्याही मग दुपारच्या त्याच अंगाला चरायला लागल्या. कुणी वाटेनं येताना दिसलं की मी मोठ्यानं खोकायची, खालचा आवाज बंद व्हायचा. गावात सगळ्यांना वाटलं मला दमा लागला. डॉक्टरकडं जा म्हणून चार जणांनी सांगितलं.

तर मशीनवाला उद्या येणार असं ठरलं, त्या दुपारी धाकटी विहिरीत उतरली नाही. माझ्याजवळ बांधावर येऊन बसली. गवताची काडी मोडत राहिली.

“काकू, पाणी आहे तिथं.”

“कुठं?”

“कोनाड्याखाली. बसल्यावर पाठ ओली होते. आधी वाटलं घाम आहे. पण थंडीतही व्हायची. हात लावला तर कळत नाही, बराच वेळ टेकून बसलं की कळतं.”

मी तिच्याकडं बघतच राहिले. “थंडीपासून माहीत आहे तुला?”

“हो.”

“आणि घरात बोलली नाहीस?”

तिनं मोडलेली काडी फेकून दिली. सांगणार तरी काय? पाणी लागलं की विहीर भरणार. भरली की ती बसणार कुठं? मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. हिची स्वतःची पोर कालव्यावरून घागरी आणते, आणि ही पाण्याला पाठ लावून गप्प बसते. पण लगेच त्या सुजलेल्या, मोकळ्या झालेल्या चेहऱ्याची आठवण झाली, आणि राग जिथल्या तिथं जिरला.

“मशीनवाला शोधेल की आपला आपण,” मी म्हणाले.

“नाही शोधणार. भाऊजी त्या बाजूला मशीन लावूच देणार नाहीत. भावाच्या हातचा कोनाडा आहे ना तो. शिवाय भाऊजींना वाटतं तिथं काळा दगड आहे, कारण हे तिथं आल्यावर थांबले, पुढं खणलंच नाही. यांना नुसता डबा ठेवायचा होता हो.” एवढं बोलून ती उठली. “म्हणजे मी बोलले नाही तर कुणाला कळायचं नाही.”

“मी काही सांगायची नाही,” मी म्हणाले. “तुझं तू बघ.”

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. दोरखंड लावून ते खाली सोडलं. गावातली रिकामी माणसं काठावर गोळा झाली, जो तो शहाणा झाला, उत्तरेकडं मारा, दक्षिणेकडं मारा. मशीनवाला कान असून बहिरा होता, त्या धंद्यात तसंच राहावं लागत असणार. थोरल्यानं त्याला आधीच बजावलं होतं, “कोनाड्याची बाजू सोडून कुठंही मार. तिथं माझ्या भावाचा हात लागलाय. आणि दगडही आहे.”

पहिलं बोअर उत्तरेला मारलं. सगळं रान थरथरत होतं. विहिरीतून पिठासारखी धूळ वर आली. आणि गंमत बघा, पाणी शोधणाऱ्या त्या मशीनलाच पाणी लागायचं. सारखं ओतावं लागतं, नाहीतर पुढचं पातं तापतं म्हणे. ते पाणी आणणार कोण? थोरली, धाकटी, थोरलीच्या दोन पोरी आणि मुंगी. कालव्यापर्यंत जायचं, घागर भरायची, यायचं, ओतायची, की परत जायचं. उन्हानं वाट पांढरी पडली होती.

पहिलं कोरडं गेलं. पश्चिमेला दुसरं मारलं, तेही कोरडं. थोरला काठावर उकिडवा बसला आणि मातीत बोटानं रेघा ओढायला लागला. मशीनवाला म्हणाला, “मालक, आणखी एक मारून बघतो. मग मी निघतो. आत काही नाही.”

मी धाकटीकडं बघितलं. ती घागर रिकामी करत होती. तोंडावर काहीच नव्हतं. मनात म्हटलं, बये, ठरवलंस वाटतं.

तेवढ्यात थोरलीनं हाक मारली, “मुंगी कुठं गेली गं? घागर वाटेत पडलीय तिची!”

वाटेवर खरंच घागर लवंडलेली होती आणि माती ओली झाली होती. मुंगी नव्हती. धाकटी निघाली, तिच्या मागं मी. शोधत शोधत कडब्याच्या गंजीपाशी आलो. गंजीच्या मागं, गंज आणि बांध यांच्या मधे, एक माणूस शिरेल एवढी फट आहे. त्या फटीत मुंगी बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, तोंडात फ्रॉकचा कोपरा दाबलेला, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. नुसती गदगदत होती.

आणि जागा नवी नव्हती. तिथला कडबा बसून बसून दबला होता. कोपऱ्यात तिच्या बापाची जुनी टोपी नीट घडी घालून ठेवली होती. घरात सगळे ती टोपी शोधून थकले होते.

धाकटी तिथंच उभी राहिली. पोरीनं वर बघितलं, पटकन डोळे पुसले आणि म्हणाली, “आई, मी रडत नव्हते. आजीला सांगू नको. मी आणते दुसरी घागर.” आणि हसली. अगदी आईसारखं हसली. 

“कधीपासून येतेस गं इथं?” धाकटीनं विचारलं.

“तू दुपारी नसतेस तेव्हा.”

धाकटीनं तिला उचलून घेतलं. दहा वर्षांची घोडी, पाय खाली लोंबत होते, तरी उचललं. माझ्याकडं बघून म्हणाली, “काकू, या वयात हिला लपून रडायची जागा लागते. आणि मी…” 

पोरीला कडेवर घेऊन तशीच ती विहिरीच्या काठावर आली. इतक्या पुरुषांमध्ये ती कधी तोंड उघडत नाही. पण उघडलं.

“भाऊजी, कोनाड्याखाली मारायला सांगा.”

“तिथं दगड आहे.”

“दगड नाही. ओल आहे. मी बसते तिथं. माझी पाठ ओली होते.”

 थोरला तिच्याकडं बघत राहिला. तेव्हा त्याला उमगलं असावं, की ही दुपारची कुठं जाते आणि घरात का रडत नाही. त्याचे ओठ हलले. “पण कोनाडा फुटेल गं,” तो एवढंच म्हणाला.

“फुटू द्या.”

मशीन फिरवून लावलं. थोरल्यानं तोंड दुसरीकडं वळवलं. पातं आत गेलं, कोनाडा निम्मा ढासळला, आणि थोडं आत जातंय तोच धूळ येईना, चिखल यायला लागला. मग धार आली. आधी गढूळ, मग मनगटाएवढी. मशीनवाला खालून ओरडला. वर एकच गोंधळ. थोरली घागर फेकून नाचली, पोरं कपड्यांसकट भिजली, म्हातारीला दोघांनी धरून काठावर आणलं. ती विहिरीत बघून म्हणाली, “माझ्या लेकाचं पाणी.” थोरला तर लहान पोरासारखा रडला. धाकटीनं मशीनवाल्याला चहा दिला, सगळ्यांना दिला, कपबशा विसळल्या. जो तो तिला म्हणत होता, तुझ्यामुळं झालं. ती म्हणत होती, “हो ना, बरं झालं.”

आठवड्याभरात विहिरीत पाणी चढलं. निम्म्या पायऱ्या बुडाल्या. कालव्याची वाट बंद झाली. थोरल्यानं भाजी लावली. मुंगीची मान सरळ झाली म्हणायला हरकत नाही, पोर पळायला लागली.

मग एका दुपारी धाकटी माझ्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. हातात काही नाही.

“काकू, काही काम आहे का?”

मला काय ते कळलं. मी म्हणाले, “काम काही नाही. तू आतल्या खोलीत जा. घरात कुणी नाही. मी दारात बसते, चिमणीलाही आत सोडत नाही. हवा तेवढा वेळ बस.”

ती गेली. मी दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यात बसले. आतून आवाज येईना. मी वाट बघितली. मनात म्हटलं, रड बाई, एकदाची रड. नंतर भांड्यांचा आवाज आला, मग केरसुणीचा. बऱ्याच वेळानं दार उघडलं. माझी खोली झाडून लख्ख केली होती, अंथरुणांच्या घड्या घातल्या होत्या, पितळी तांब्या सुद्धा घासून ठेवला होता.

“अगं, हे कशाला केलंस?”

“नाही येत हो काकू,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या घरात नाही येत.”

मी तिचा हात धरला.  तेवढ्यात विहिरीकडून मुंगीची हाक आली.

“आई! ये ना लवकर! बघ पाणी किती गार आहे!”

“आले गं,” धाकटी म्हणाली. कोरडंच तोंड पदरानं पुसलं, आणि गेली.