चोवीस पाय

मी ब्रॅकनशॉ फुटबॉल क्लबचा ट्रेनर. नाव मोठं, काम साधं. सामन्याआधी अकरा गड्यांच्या पायांना तेल चोळायचं आणि सामन्यात कुणी पडला की बादली घेऊन धावायचं, त्याला परत उभा करायचा. बदली गडी घेण्याची सोय नाही. एक बाहेर बसला की उरलेल्या दहांनी मरायचं. म्हणून आमच्यात चांगला ट्रेनर तोच, ज्याचा गडी बाहेर येत नाही. अकरा वर्षांत माझा एकही आला नव्हता, आणि त्याची मी पबमध्ये बसून फुशारकी मारत असे.

नोव्हेंबरात जेबेझ हिंडलच्या पोटात बूट बसला. पांढराफटक पडला होता. "इनक, आतून काहीतरी फाटलंय रे," म्हणाला.

मी त्याच्या मानेवर स्पंजातलं गार पाणी पिळलं. "नवरीसारखा लाजतोस काय? ऊठ!"

उठला बिचारा. अर्धा तास धावला. सोमवारी गेला.

क्लबनं दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि त्याच्या जागी नवा गडी आणला. पुढच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे तेल घेऊन बसलो. कुणाचा पाय कुठला, हे मी डोळे मिटून सांगतो. बाविसावा चोळून झाला आणि बाकाच्या टोकाशी हाताला आणखी दोन लागले. गार. डाव्या नडगीवर जेबेझचं टेंगूळ. तरीही चोळले. त्या दिवसापासून दर शनिवारी चोळत आलो.

"काय म्हाताऱ्या, बाकालाही तेल पाजतोस होय?" आमचा कप्तान वॉल्टर ऑर्मरॉड विचारायचा. सगळे खिदळायचे. मीही हसून घ्यायचो.

एप्रिलमध्ये शेवटचा सामना. बरोबरी झाली तर पहिल्या विभागात टिकणार, हरलो तर खाली. दोन-दोन गोल झाले होते, वीस मिनिटं उरली होती, आणि ऑर्मरॉडच्या पोटात गुडघा बसला. मी धावलो. चेहऱ्याचा तोच रंग, ओठही तसेच.

"पाणी मार, इनक. उठतो मी."

"पडून राहा."

"डोकं फिरलंय का तुझं? हरू ना आपण!"

"हरू दे," म्हणालो, आणि स्ट्रेचर मागवलं. पंधरा हजार माणसं मला शिव्या घालत होती.

हरलोच. संध्याकाळी डॉक्टरांनी ऑर्मरॉडचं पोट उघडलं. आणखी पाव तास धावला असता तर हाती लागला नसता, म्हणाले. गाव मात्र माझ्या नावानं थुंकत होतं. गिरणीच्या फाटकाशी लोक पाठ फिरवायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगतो, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच मी रात्रभर झोपलो.

मंगळवारी दार वाजलं. लेटी हिंडल, जेबेझची बायको. त्याला पुरलं तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. निदान ही तरी समजून घेईल, असं वाटलं. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"ऑर्मरॉड वाचला म्हणे."

"वाचला, बाई. देवाची कृपा."

"तुम्ही त्याला खेळू दिलं नाही म्हणून."

"हो."

"बस्स, तेव्हाही एवढंच करायचं होतं?" तिनं विचारलं.

खोटं बोलवेना. "हो," म्हणालो.