नखाएवढे पाते

मी एक जुना चाकू आहे. चाकू म्हटल्यावर लगेच मागे सरकू नका, मित्रांनो. मिटलो की मी तुमच्या करंगळीच्या दोन पेरांत मावतो आणि उघडलो की माझे पाते फार तर तुमच्या नखाएवढे भरते. माझ्यामुळे आजवर कुणाला साधा ओरखडाही उठलेला नाही. माझ्यात एकच खोड आहे, मला स्वस्थ बसवत नाही. मिटून पडलो की कधी एकदा उघडतो असे होते, आणि उघडलो की लगेच टक् करून मिटावेसे वाटते.

कुठल्याशा थंड देशातल्या लहान कारखान्यात मी तयार झालो. शिंपल्याची मूठ, पोलादाचे पाते, पाठीत स्प्रिंग आणि हे सगळे धरून ठेवणारा मोहरीएवढा खिळा. बोटीवर नोकरी करणाऱ्या युजीनने मला एका बंदरावर विकत घेतले आणि सुट्टीत आपल्या गावी, भुईगावला, आल्यावर आपल्या धाकट्या भावाच्या, रॉबर्टच्या, तळहातावर ठेवले. रॉबर्टने मला उघडले, मिटले, पुन्हा उघडले. जेवायला हाक आली तरी त्याचे चालूच. माझ्यासारखाच चुळबुळ्या माणूस मला मिळाला म्हणून मी खूश झालो.

माझ्यापासून त्याला छोट्या चाकूंचा नाद लागला. गल्फहून येणाऱ्या नातेवाइकांकडे लोक सेंट मागत, रॉबर्ट चाकू मागे. चर्चच्या सणाला दुकाने लागली की हा खेळण्यांच्या दुकानात मुलांच्या मधे उभा. हळूहळू माझी भावंडे वाढत गेली. कुणी बुटाच्या आकाराचा, कुणी बाटलीच्या. एक माशासारखा होता, त्याच्या शेपटीतून पाते निघे. एकाचे पाते तर तांदळाएवढे, तरी त्याला नखाने उघडायची खाच होती. एवढ्याशा वस्तूत मोठ्या चाकूचे सगळे अवयव जागच्या जागी असतात, हीच आमची जादू. ती पाहताना मोठी माणसेही खाली वाकत आणि आवाज लहान करत.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की रॉबर्ट ओट्यावर टॉवेल पसरून आम्हाला ओळीने मांडे. त्याची बायको मार्गारेट घरी शिवणकाम करायची. तिच्या मशीनचे तेल तो काडीने आमच्या खिळ्यांत सोडी आणि प्रत्येकाला उघडून मिटून ठेवी.

"माझ्या दागिन्यांना एवढीशी डबी," मार्गारेट म्हणायची, "आणि तुझ्या चाकूंना बिस्किटाचा अख्खा डबा."

ते आमचे सुखाचे दिवस होते. मग युजीन वारला. रॉबर्टची नजर कमी झाली. मार्गारेटची मशीन विकली गेली आणि तिच्याबरोबर तिच्या तेलाची कुपीही गेली. रॉबर्टने मग घरचे खोबरेल तेल काढले. वाडीतल्या नारळांचे, स्वतः उन्हात वाळवलेल्या खोबऱ्याचे, घाण्यावर काढून आणलेले. भुईगावात या तेलाइतके शुद्ध काही नसते, असे त्याचे ठाम मत. केसांना तेच, गुडघ्यांना तेच, दाराच्या बिजागऱ्यांनाही तेच. आता आम्हालाही तेच मिळाले, आणि चांगले चमचाभर. पण उघडमीट थांबली. तेल पाजले, डबा लावला, म्हणजे काळजी घेतली, असे त्याला वाटू लागले. आत अंधारात माझा जीव नुसता तळमळत होता.

डिसेंबर आला. नाताळची साफसफाई निघाली. रात्री पाहुणे जेवायला येणार होते आणि त्यांना संग्रह दाखवायचे रॉबर्टने कबूल केले होते. सकाळी गारठ्यात त्याने डबा उघडला. त्याचे नख माझ्या खाचेत शिरले आणि मी सगळा जोर लावला. पण काही केल्या हलता येईना. खिळ्याभोवतीचे तेल थिजून मेणासारखे घट्ट झाले होते. शेजारच्या बुटाचे तेच, बाटलीचे तेच.

रॉबर्टने पक्कड आणली. माशाला धरून ओढले आणि त्याचे पाते मुळाशी कट्कन मोडले. तो किती तरी वेळ ते हातात घेऊन बसला.

"गंजाने खाल्लं सगळ्यांना," तो म्हणाला. "आतून गेलेत. समुद्राची हवा."

"पप्पा, तसंही कोन बघतं आता हे?" त्याचा मुलगा जोनाथन म्हणाला. "भंगारवाला गल्लीत आलाय. देऊन टाकू का?"

रॉबर्टने मानेनेच हो म्हटले. मित्रांनो, त्या क्षणी मला जीभ हवी होती. गंज नाही रे, नुसते तेल थिजलेय, एवढे एकच वाक्य मला बोलायचे होते.

तेवढ्यात मार्गारेटने डब्यात हात घालून मला उचलले. "हा युजीनचा आहे. हा नाही द्यायचा."

डबा भंगारवाल्या दयारामच्या हातगाडीवर गेला. गाडी दूर जाईपर्यंत भावंडांचा खडखडाट मला ऐकू येत होता.

मार्गारेट मला मुठीत घट्ट धरून ओट्यावर बसली. नवऱ्यावर रागावली होती, म्हणून मूठ आणखी घट्ट. जोनाथन दारावर नाताळचा तारा बांधत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मम्मी, दोरी काप ना."

तिने सवयीने माझ्या खाचेत नख घातले, आणि मी उघडलो. अगदी सहज, टक् करून. दोरी कापली गेली तरी ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिची नजर कुंपणाच्या भिंतीवर उन्हात ठेवलेल्या खोबरेलाच्या बाटलीकडे गेली. सकाळी पांढरे घट्ट असलेले तेल कडेकडेने पातळ व्हायला लागले होते.

"रॉबर्ट," ती म्हणाली, "गंज नाही लागला रे. तुझं तेल गोठलं होतं."

रॉबर्टने मला हातात घेतले, मिटले, उघडले. त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्याच मिनिटाला तो जोनाथनच्या स्कूटरवर मागे बसला होता आणि मी त्याच्या खिशात. नालासोपाऱ्याला दयारामचे दुकान सापडले, तोवर दुपार उलटून गेली होती.

"अंकल, सुबह का सारा लोहा टेम्पो में निकल गया," दयाराम म्हणाला. त्याला खरेच वाईट वाटले. "बाकी देखना है तो देख लो."

रॉबर्ट इस्त्रीच्या पँटवर तिथेच मांडी घालून बसला. नट, बिजागऱ्या, सायकलच्या साखळ्या हाताने उपसत राहिला. मी खिशात नुसता उसळत होतो. बाटली नाही, बूट नाही, तांदळाएवढ्या पात्याचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी जोनाथनने त्याला दंडाला धरून उठवले.

"मीच म्हनालो, पप्पा, देऊन टाकू," तो म्हणाला.

"देनारा मी होतो," रॉबर्ट म्हणाला.

रात्री पाहुणे आले. जेवण झाल्यावर त्यांनी चाकू बघायला मागितले. रॉबर्टने मला खिशातून काढले, मुठीत धरले आणि तसाच थोडा वेळ बसून राहिला. कुणालाच काही कळेना. मग त्याने मला उघडून समोर धरले.

"एवढाच आहे," तो म्हणाला. "हातात घेऊन बघा."

मी एकेकाच्या हातात फिरलो. प्रत्येकाने मला उघडले आणि मिटले. इतकी उघडमीट मला किती तरी काळात मिळाली नव्हती, तरी मला आनंद झाला नाही. आता मी रॉबर्टच्या खिशातच राहतो. दोरी कापतो, पाकिटे फोडतो. पण गल्लीत भंगाराच्या गाडीचा भोंगा वाजला की मी आतल्या आत तडफडतो, आणि रॉबर्टचा हातही खिशात येतो.

मित्रांनो, तुमच्या घरातले काही अडले, बसले, हलेनासे झाले तर पक्कड आणण्याआधी ते क्षणभर मुठीत धरून बघा. माझी भावंडे गंजली नव्हती. त्यांना फक्त थंडी वाजत होती.