ओंडक्याचं माप

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरताच. शेजाऱ्याचं झाड वाऱ्यानं आडवं झालं, तेव्हा त्यातले दोन मोठे ओंडके मास्तरांनी हौसेनं मागून घेतले आणि घरात जाहीर केलं, "चला, थंडीभर जळणाची चिंता मिटली."

ओंडके आठवडाभर अंगणात पडून होते. मास्तरांनी हातकरवतीनं एक अख्खी सकाळ घासलं. ओंडक्यावर उंदरानं कुरतडल्यासारखी रेघ उमटली आणि मास्तरांचा खांदा भरून आला. घरात लोखंडी शेगडी गार पडली होती. तिच्या शेजारी मास्तरांची आई तीन शाली आणि वरून एका गिऱ्हाइकाचा ओव्हरकोट पांघरून बसली होती.

"अहो, ऐका," बायको म्हणाली. "संध्याकाळपर्यंत शेगडी पेटली नाही, तर मी आईंना घेऊन दादाकडे चालले. त्याला निरोप दिलाय, सहाला गाडी घेऊन येतोय."

हे मात्र मास्तरांच्या जिव्हारी लागलं. स्वतःची आई मेव्हण्याच्या घरी ऊब घ्यायला जाणार! आणि मेव्हणा असा, की एकदा छत्री दिली तर दर पावसाळ्यात आठवण काढायचा. आई ठेवून घेतली म्हटल्यावर जन्माचं झालं.

"मी चेनसॉ आणतो, यंत्राची करवत. चांगला दांडगा."

"कुठला? केवढा?"

"माप घेऊन जातो ना! अंदाजपंचे काम आपण करत नाही."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, ओंडक्याला मिठी मारली आणि टेप पलीकडून फिरवून पोटाशी जुळवली. अठ्ठ्याहत्तर इंच. सवयीनं दोन इंच सैल धरले आणि निघाले.

दुकानदार चहा पीत होता. "मोठे ओंडके आहेत म्हणता? जाडी सांगा. जाडीवर पातं ठरतं."

"ऐंशी."

"ऐंशी सेंटिमीटर?"

"इंच हो. तसे अठ्ठ्याहत्तरच, दोन सैल धरलेत."

दुकानदारानं चहा खाली ठेवला. "लाकडाला सैल कशाला?"

"अंगाबरोबर बसवलं की मग उसवतं."

तेवढ्यात खिळे घ्यायला आलेला एकजण मधे पडला. "बॅटरीवाला घ्या. आवाज नाही, धूर नाही."

"आणि जोरही नाही," रंगाचा डबा घेऊन उभा असलेला दुसरा म्हणाला. "विजेवरचा घ्या."

"हो, आणि वायर कापून घ्या स्वतःची! काका, पेट्रोलच. सीसी बघा फक्त," मागून तिसरा ओरडला.

मास्तरांनी तिघांनाही मान डोलावली. सीसी म्हणजे काय हे विचारायची सोय राहिली नव्हती, कारण ते आधीच दोनदा "बरोबर आहे" म्हणून बसले होते. त्यांनी आपल्याला कळणारा एकच प्रश्न विचारला.

"चेन अडकली तर?"

"तेल घालायचं."

"आम्ही मेणबत्ती घासतो," मास्तर म्हणाले. खिळेवाल्यानं नकळत स्वतःच्या जॅकेटची चेन बघितली.

शेवटी दुकानदारानं स्टुलावर चढून भिंतीवरचा राक्षस उतरवला. चार फुटी पातं. "हा शोभेला लावला होता. लोक याच्याबरोबर फोटो काढतात आणि हातोडी घेऊन जातात. न्या, आज वापरून बघा. पसंत पडला तर ठेवा."

"चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीसच इंच झाले. ऐंशीला पुरेल?"

"दोन्ही बाजूंनी घाला. मधलं राहिलं तर... राहू दे. देव आहे." भिंत मोकळी झाल्याच्या आनंदात त्यानं चेनसॉ हातगाडीवर चढवला, डोळ्यांना लावायचा चष्मा फुकट दिला आणि चालू-बंद कसं करायचं ते दोनदा दाखवलं.

घरी आल्यावर मास्तरांनी आधी ओंडक्यावर खडूनं सरळ रेघा मारल्या. खडूशिवाय त्यांचा हातच चालत नसे. मग ओंडका गडगडायला लागला. कापड सरकलं तर आपण टाचणी लावतो, तसं याला पलीकडून काहीतरी लावायला हवं, असा विचार करून त्यांनी घरातलं कापड बेतायचं कटिंगचं टेबल बाहेर ओढलं, आडवं पाडलं आणि ओंडक्याला टेकवलं. वडिलांच्या वेळचं टेबल, भारी लाकडाचं. ओंडका गप्प बसला.

दोरी ओढून ओढून मास्तरांना घाम फुटला, तेव्हा कुठे चेनसॉ गरजला. पातं खडूच्या रेघेवरून आत घुसलं. ओलसर पांढरा भुसा उडायला लागला. मास्तर मनात हिशेब करत होते, ऐंशीतले अजून पंचवीसही झाले नसतील. दाबत राहिले. थोड्या वेळानं आवाज बदलला आणि भुसा कोरडा, तांबूस यायला लागला.

"गाभा लागला गं!" ते ओरडले. "आता खरं लाकूड लागलंय!"

बायको खिडकीतून हातवारे करत होती. मास्तरांना वाटलं, शाबासकी देतेय. त्यांनी ओंडक्याचे चांगले सहा गोल तुकडे पाडले, प्रत्येक वेळी गाभ्यापर्यंत. चेनसॉ बंद केला, चष्मा काढला. ओंडक्यापलीकडे कटिंगच्या टेबलाच्या सात फळ्या ओळीनं पडल्या होत्या. कडा इतक्या सरळ, की एरवी मास्तरांनी स्वतःचीच पाठ थोपटली असती.

बायको बाहेर आली. तिनं त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि कापलेल्या तुकड्यावर आडवी धरली.

"पंचवीस."

"मग अठ्ठ्याहत्तर कुणाचे?"

"कमरेचे! ओंडक्याला काय झगा शिवायचा होता?"

"अरे, झालं का नाही?" आतून आईचा थरथरता आवाज आला. पावणेसहा वाजत आले होते.

मास्तरांनी घाईघाईनं कुऱ्हाडीनं एका तुकड्याच्या फाका काढल्या आणि शेगडीत कोंबल्या. फाका फुसफुसल्या, टोकांतून पाणी आलं आणि खोलीत इतका धूर झाला, की तिघंही रडायला लागले.

"ओलं आहे," बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली. "वर्षभर वाळवावं लागतं. दादानं सांगितलं होतं."

"कधी?"

"ओंडके आणलेत तेव्हाच! तुम्ही म्हणालात, त्याला काय कळतंय."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मास्तरांनी दाराकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग ते अंगणात धावले, टेबलाचा एक पाय आणि दोन फळ्या उचलून आणल्या आणि डोळे मिटून शेगडीत सारल्या.

भडका उडाला. मेव्हणा आत येईपर्यंत आईनं ओव्हरकोट काढलासुद्धा होता.

"चला आई, गाडी तयार आहे," मेव्हणा म्हणाला.

"मी कुठे जात नाही बाबा. माझ्या लेकानं बघ कसली ऊब केलीय!"

मेव्हण्यानं शेगडीपुढे हात धरले. "खरंच की. मास्तर, लाकूड एक नंबर मिळालं तुम्हाला. कुठलं?"

"घरचंच आहे," मास्तर म्हणाले.

"माझ्या सुटाचं कटिंग उद्या करताय ना?"

मास्तरांनी टेबलाचा जळका पाय शेगडीत आणखी आत ढकलला.

"थंडी अजून वाढणार म्हणतात," आई पाय पसरत म्हणाली. "बाळा, असलं वाळलेलं लाकूड अजून आहे ना रे घरात?"

मास्तरांची नजर खोलीभर फिरायला लागली. बायको चटकन उठली, कोपऱ्यातल्या लाकडी स्टँडच्या शिलाई मशीनपाशी गेली आणि तिनं मशीनला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली.