ऑफिसचा माल

प्रज्ञेशच्या खराडीच्या फ्लॅटमध्ये बेडरूम दोन होत्या, पण झोपायच्या कामाची एकच. दुसरीत खोकी राहत होती.

खोकी लेगोची. पोरांच्या वाढदिवसाला नेतात तसली नव्हेत. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी काढलेली, एकेकात चार-चार हजार ठोकळे असलेली. त्यात एक जहाज होतं, एक किल्ला होता, एक अख्खं फुटबॉलचं मैदान होतं, आणि यातला एकही ठोकळा प्रज्ञेशने कधी हातात धरला नव्हता. खोकं उघडायचं नाही, हाच या छंदाचा पहिला नियम. कंपनीने एखादा संच काढणं बंद केलं की सील न तुटलेल्या खोक्याचा भाव चढत जातो, हे त्याला टीममधल्या एकाने कॅन्टीनमध्ये चहाबरोबर पटवून दिलं होतं. लोक सोनं घेतात, तळेगावला प्लॉट घेतात. आमच्या या शहाण्याने जहाजं आणि किल्ले घेतले. तीन वर्षांत त्याने त्यातली दोनच खोकी विकली. बाकीच्यांच्या बाबतीत ‘अजून थोडं थांबू’ चालू होतं. खरं म्हणजे त्याला ती घरात असलेली आवडत. लहानपणी दापोडीत शेजारच्या पोरांचे बाप कारखान्यातून लाकडाचे तुकडे, पत्र्याच्या चकत्या असलं काही ना काही खेळायला आणत. याच्या बापाने कधी खिळासुद्धा आणला नाही. संध्याकाळी ऑफिसातून आला की प्रज्ञेश त्या खोलीत जाऊन दोन मिनिटं नुसता उभा राहायचा.

“झालं का दर्शन?” बाहेर आल्यावर दीपाली विचारायची. ती त्याची बायको. तीही आयटीतच, पण तिच्या पैशांची ती साधी मुदत ठेव करायची.

ऑगस्टमध्ये दापोडीची चाळ पुनर्विकासाला पाडली आणि प्रज्ञेशचे आईवडील, कांताबाई आणि धोंडिबा, नवी खोली तयार होईपर्यंत मुलाकडे राहायला आले. येणार हे चार महिने आधीपासून ठरलेलं होतं. चार महिने प्रज्ञेश रोज म्हणत होता की या रविवारी खोकी हलवू. भाड्याची गोदामं त्याने बघितली, तर तिथे ओल. मित्राच्या घरी ठेवावीत, तर मित्राला दोन पोरं. शेवटी आईवडील दारात उभे राहिले तेव्हा खोकी होती तिथेच होती.

धोंडिबाने हातातली वळकटी घेऊन त्या खोलीचं दार ढकललं. आत छतापर्यंत रचलेली, वरून खाकी पुठ्ठ्यात बंद केलेली खोकी आणि भिंतीवर चालू एसी.

“हे काय रे एवढं?”

आता या माणसाने तीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली होती. बसचे पैसे वाचवायला पायी जायचा आणि पायी यायचा. त्याला काय सांगणार, की आबा, ही खेळणी आहेत, आणि तुमच्या लेकाने ती न खेळण्यासाठी घेतली आहेत? प्रज्ञेशच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

“ऑफिसचा माल आहे, आबा. तिकडे जागा नव्हती म्हणून थोडे दिवस माझ्याकडे ठेवलाय.”

त्याला वाटलं होतं म्हातारा कुरकुरेल. धोंडिबाचा चेहरा उजळला. त्याने वळकटी काखेत मारली, दार आपल्या हाताने लावून घेतलं आणि बायकोला म्हणाला, “बघितलंस? घरी माल ठेवायला देतात. विश्वास असल्याशिवाय देतात का?”

त्या विश्वासाची किंमत धोंडिबाला माहीत होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी स्टोअरमधून पितळेचे व्हॉल्व्ह गेले, तेव्हा इतक्या माणसांत सगळ्यात आधी डबा उघडायला लावला तो याचा. का, ते कुणी बोललं नाही आणि सगळ्यांना ठाऊक होतं. डब्यात भाकरी निघाली. दुसऱ्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत धोंडिबा रोज सुट्टी झाल्यावर गेटपाशी थांबून, कुणी विचारो न विचारो, आपला डबा स्वतः उघडून दाखवत आला. गेटपासशिवाय त्याच्या हातून वस्तू बाहेर गेली नाही, मग मागणारा साहेब का असेना.

अशा माणसाला प्रज्ञेशने हॉलमध्ये झोपवलं. दिवाणावर एकच जण मावायचा म्हणून कांताबाई खाली गादी टाकायची. तिची कंबर आधीच धरलेली. सकाळी उठताना ती दिवाणाची कड पकडून तीन टप्प्यांत उठायची. प्रज्ञेशचे कॉल सात वाजता हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर सुरू होत, म्हणून दोघं साडेसहाला अंथरुणं आवरून बाल्कनीत जाऊन बसत, आणि तिथे एकमेकांशी खुणेने बोलत. ऑक्टोबरात पुणं तापलं. आईवडील पंख्याखाली आणि खोकी एसीत, असा तो सगळा थाट. एकदा कांताबाई पदराने वारा घेत म्हणाली, “त्या खोलीच्या दाराशी जरा गार लागतं रे, तिथे गादी टाकू का?” प्रज्ञेश ‘टाक की’ म्हणाला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला. त्याला लाज वाटत नव्हती असं नाही. लाज भरपूर वाटत होती, फक्त तिचं काही करायला तो तयार नव्हता.

“खरं सांगून टाक,” दीपाली म्हणायची. “तुझ्या ऑफिसात राजवाडे बांधतात म्हणून सांगणार आहेस का आयुष्यभर?”

“सांगतो गं. योग्य वेळ येऊ दे.”

“हो, पंचांग आणते.”

इकडे धोंडिबाने कामच हाती घेतलं होतं. दिवसातून दोनदा तो खोलीचं दार उघडून खोकी मोजायचा. कामवाल्या बाईला आत झाडू मारायला द्यायचा नाही. स्वतः गुडघे दुखत असताना फरशी पुसायचा. आणि मुलगा-सून ऑफिसला गेली की घर सोडायचा नाही. दापोडीहून जुने सोबती बोलवायचे, विहारात बैठक असायची, तर फोनवर अभिमानाने सांगायचा, “नाही जमायचं. पोराच्या ऑफिसचा माल आहे घरात.”

डिसेंबर आला. पंचवीस तारखेला देहूरोडच्या बुद्धविहाराचा वर्धापनदिन. धोंडिबाने कळत्या वयापासून तो दिवस कधी चुकवला नव्हता. तापात असतानाही गेला होता. त्याच सुट्टीला जोडून प्रज्ञेश आणि दीपाली मित्रमंडळींबरोबर महाबळेश्वरला जाणार होते.

“तुम्ही नसाल, मग माल एकटा कसा टाकायचा?” धोंडिबा म्हणाला. “कांता जाईल बायकांबरोबर. मी थांबतो.”

प्रज्ञेश बॅग भरत होता. आबा, तुम्ही जा, एवढंच म्हणायचं होतं. पण मग आबांनी विचारलं असतं, माल? त्याने बॅगेची चेन ओढली आणि म्हणाला, “बघा, तुम्हाला बरं वाटेल तसं.” आणि वर आणखी एक काम सांगून ठेवलं. शनिवार पेठेतल्या सलिल नावाच्या माणसाला ते जहाज हवं होतं. तो त्याच दिवशी येऊन नेणार होता.

“एक जण येईल, आबा. निळी चिठ्ठी लावलेलं मोठं खोकं त्याला द्या.”

“गेटपास आणेल ना?”

“आणेल, आणेल,” प्रज्ञेश हसत म्हणाला.

पंचवीस तारखेला दुपारी महाबळेश्वरच्या हॉटेलात सगळे जेवायला बसलेले असताना सलिलचा फोन आला. “अहो, तुमचे वडील खोकं देत नाहीयेत. गेटपास मागतायत. हे आपण मला आधी सांगायला हवं होतं, मी सहीशिक्क्यानिशी आलो असतो.”

प्रज्ञेशने फोन वडिलांना द्यायला सांगितलं. टेबलावरचे आठ जण त्याच्याकडे बघत होते.

“प्रज्ञेश,” धोंडिबाचा आवाज फार हळू होता, “हे गृहस्थ म्हणतात, यांनी हे विकत घेतलंय. तुला पैसे दिलेत म्हणतात. मोबाईलमध्ये दाखवलं त्यांनी. ऑफिसचा माल तू यांना विकलास?”

“आबा, आल्यावर सांगतो सगळं,” प्रज्ञेश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. कुणीतरी विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, काही नाही, घरचं. सलिल रिकाम्या हाताने परत गेला, तसा त्याचा मेसेज आला. संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघायला गेले आणि प्रज्ञेशही गेला. घरी फोन मात्र त्याने केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत आले तेव्हा बिल्डिंगखाली एक टेम्पो उभा होता. तो दापोडीच्या सुखदेवचा होता. सुखदेवने ‘जय भीम’ केला आणि म्हणाला, “आबांनी बोलावलंय. तुझ्या ऑफिसात काही माल पोचवायचाय म्हणाले.”

वर दार उघडंच होतं. धोंडिबा हॉलमध्ये खुर्चीवर बसला होता. अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट, कालच्या दिवसासाठी कांताबाईने धुऊन ठेवलेला, आणि पायांत बूट. घरात बूट घालणारा माणूस नव्हता तो. कांताबाई खाली गादीवर भिंतीला टेकून बसली होती. दोघांचेही डोळे रात्रभर न झोपलेल्या माणसाचे होते.

“बसू नकोस. उशीर करायचा नाही,” धोंडिबा म्हणाला. “ऑफिस चालू आहे ना आज? मी येतो बरोबर. तू बोलू नकोस, मी बोलतो.”

आणि त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. प्रज्ञेशने तो उघडला. अक्षर ओळखीचं, रेघेत बसवलेलं.

‘मा. व्यवस्थापक साहेब यांस. अर्जदार हा आपल्या कचेरीतील नोकर प्रज्ञेश याचा पिता असून तीस वर्षे सरकारी स्टोअर सांभाळलेला इसम आहे. माझ्या मुलाकडून मोहाने चूक झाली आहे. विश्वासाने ठेवलेल्या मालापैकी एक नग त्याने विकण्यास काढला होता, तो माल घराबाहेर जाऊ दिलेला नाही. सर्व नग मोजून परत करीत आहे. त्यास शिकवण्यात मी कमी पडलो, याचा दोष माझा समजावा. कृपया त्याची नोकरी…’

पुढे त्याला वाचवेना. आयुष्यात कुणापुढे मान न वाकवलेल्या बापाने त्याच्यासाठी ‘कृपया’ लिहिलं होतं. मागे दीपालीने बॅग खाली ठेवली आणि आत निघून गेली. तिचा टोमणा या वेळी ऐकायला मिळाला असता तर प्रज्ञेशला बरं वाटलं असतं.

“आबा, तो ऑफिसचा माल नाही.”

“मग कुणाचा?” धोंडिबा उभा राहिला. “आणखी कुणाचा आणून ठेवलास?”

“माझाच आहे. मी विकत घेतलाय. माझ्या पगारातून.”

धोंडिबाचा विश्वास बसेना. शेवटी प्रज्ञेशने मोबाईल काढून खरेदीच्या पावत्या दाखवल्या. नाव त्याचं, पत्ता इथला, तारीखवार सगळं. धोंडिबाने चष्मा लावला आणि एकेक पावती बोटाने सरकवत वाचली. मग त्याने फक्त एकच प्रश्न विचारला.

“म्हणजे चोरी नाही?”

“नाही, आबा.”

“शपथ?”

“तुमची शपथ.”

धोंडिबा मटकन खुर्चीत बसला. त्याने चष्मा काढला, तोंडावरून हात फिरवला आणि चक्क हसला. “ऐकलंस का, कांता? पोरानं चोरी नाही केली. त्याचंच आहे सगळं.” त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. “आणि मी त्या शनिवार पेठेच्या माणसाला काय काय बोललो. काय आहे रे मग त्यात?”

“खेळणी आहेत. ठोकळे. जोडून किल्ले, जहाजं करायची.”

“असू दे, असू दे. आपल्या पैशाचं आहे ना? मग काहीही असो.”

चोरी केली असती तर फार सोपं झालं असतं, असं प्रज्ञेशला त्या क्षणी वाटलं. खालचा टेम्पो भरून माल परत करता आला असता, बापाने चार शब्द सुनावले असते, आणि कुठेतरी हिशेब मिटला असता. पण बाप आनंदाने बूट काढत होता.

कांताबाईने दिवाणाची कड धरली, गुडघा टेकला, मग एक हात भिंतीला लावला आणि उभी राहिली. तिने त्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं, आपल्या गादीकडे बघितलं.

“चोरी नाही, ऑफिसचं पण नाही,” ती म्हणाली. “मग आम्ही चार महिने बाहेर का झोपलो रे?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. एका हातात बूट धरून धोंडिबाही आता मुलाकडे बघत होता, आणि उत्तर काय येतं याची दोघं वाट पाहत होती.