‘लिफ्ट बंद आहे’ची शेवटची उडी

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. दोन्ही हातांत धरून, अंगठ्यांनी बटणं दाबून पडद्यावरच्या माणसाला पळवायचं आणि उड्या मारायला लावायचं, त्या कामाचा. माझा रंग कधीकाळी करडा होता. आता जिथे अंगठे टेकतात तिथे तो पिवळट झाला आहे आणि एका कोपऱ्याला तडा आहे. तो कसा गेला, ते पुढे येईलच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. साच्यातून माझं कवच निघालं, आत तारा बसल्या, प्रत्येक बटणाखाली रबराची एकेक मऊ टिकली आली. शेवटी एका बाईंनी माझी सगळी बटणं दाबून पाहिली आणि मान डोलावली. मग खोक्यात बंद होऊन मी दुकानाच्या काचेच्या कपाटात कितीतरी काळ पडून राहिलो.

तिथून मला बाहेर काढलं मामांनी. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. लग्न केलं नव्हतं, थोरल्या बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. बहिणीला ते अक्का म्हणत. अक्कांची मुलगी भिंगरी तेव्हा शाळेत होती. एका जागी बसायची नाही, म्हणून हे नाव. मला आणलं तिच्या सुट्टीसाठी, पण खरं सांगायचं तर मामाच जास्त खेळायचे. माझ्याबरोबर एक खेळ आला होता, त्यात एक ठेंगणा कंदीलवाला होता. खड्डे, काटे, हलत्या फळ्या ओलांडत त्याला दारापर्यंत न्यायचं. तो पडला की माझा ताबा दुसऱ्याकडे. ‘आता माझी पाळी’ यावरून मामा-भाचीची रोज जुंपायची. ते माझे भरभराटीचे दिवस होते.

पुढे भिंगरी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. मामांना कामातून डोकं वर काढायला फुरसत मिळेना. मी खणात तारांच्या गुंत्याखाली गेलो. खेळ बनवणाऱ्या कंपनीनेही तो खेळ केव्हाच सोडून दिला होता. पण त्याच्या चाहत्यांनी तो सोडला नव्हता. त्यांनी स्वतःहून एक साधन तयार केलं होतं, ज्यात कुणालाही घरच्या कॉम्प्युटरवर त्या खेळाची नवी लेव्हल रचता येई. नियम एकच. ज्याने लेव्हल रचली त्याने ती आधी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत पार करून दाखवायची, मगच ती इतरांना खुली व्हायची.

एके दिवशी कामावर मामांच्या पायाखालची शिडी सरकली. उजवं मनगट मोडलं आणि अंगठ्याची शीर दुखावली. हात प्लास्टरमध्ये घेऊन ते घरी आले आणि खिडकीशी बसून राहिले. अक्कांनी रेडिओ आणून दिला, तो त्यांनी लावला नाही. कुणी भेटायला आलं तर डोळे मिटून घ्यायचे.

तेव्हा भिंगरीने खण उपसून मला बाहेर काढलं आणि चाहत्यांचं ते साधन मामांच्या पुढ्यात कॉम्प्युटरवर उघडलं.

“मामा, डाव्या हाताने माउस हलतो ना? मग लेव्हल रच.”

“मला कुठे येतंय ते!”

“दुसरं काय काम आहे तुला? खिडकी कुठे पळून जाणार नाही.”

आधी कुरकुरत आणि मग तहानभूक विसरून मामा कामाला लागले. त्यांनी रचला एक लिफ्टचा उंच बोगदा. एक फळी वर जाते, तेव्हा तिला जोडलेलं वजन खाली येतं. दोन्ही समोरासमोर आली की त्या क्षणाला उडी मारायची. पहिल्या मजल्यावर त्यांनी खाली साधी जमीन ठेवली, म्हणजे पडलं तरी कंदीलवाला मरत नाही, नुसता उठतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. खेळणाऱ्याला युक्ती समजली की वरच्या मजल्यावर तीच युक्ती, पण खाली काटे. लेव्हलला नाव दिलं ‘लिफ्ट बंद आहे’. आयुष्यभर जी पाटी लोकांच्या शिव्या खात दारावर लावली, ती आता मजेने लावतो, म्हणाले.

सगळ्यात वर होती शेवटची उडी. बटण अर्धवट दाबून एक आखूड उडी, पाय टेकतात न टेकतात तोच पूर्ण दाबून लांब उडी. ती त्यांनी आपल्या जुन्या अंगठ्याच्या भरवशावर आखली होती.

प्लास्टर निघालं आणि अंगठा काही जुना राहिलेला नव्हता. तो वाकायचा, पण सांगितल्यानंतर जरा थांबून. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पहिल्यासारखा होईलच असं नाही. मामा मला हातात घेत, खालचे मजले कसेबसे चढत आणि शेवटच्या उडीला कंदीलवाला खाली. पुन्हा खाली. मित्रांनो, मी त्यांच्या अंगठ्याखालीच होतो, म्हणून सांगतो. तो बटणावर आदळायचा ते कष्टाने नव्हे, संतापाने.

अशात ऑफिसातून फोन आला. तुमची नोकरी जाणार नाही, पण आता शिडी नको, खुर्चीवर बसून तक्रारींचे फोन घ्या. मामा “बरं” म्हणाले, फोन ठेवला आणि मला जमिनीवर आपटलं. कोपऱ्याचा तडा तेव्हाचा.

मग त्यांनी मला उचललंसुद्धा नाही. पडद्याकडे वळले आणि लेव्हलमध्ये काहीतरी घातलं.

संध्याकाळी भिंगरी आली. मला जमिनीवरून उचलून पुसलं आणि खेळायला बसली. पडली, हसली, पुन्हा पडली. शेवटची उडी चुकली की स्वतःलाच बडबडायची, “अगं बाई, घाई कशाला!” अखेर ती उडी तिला साधली. खुर्चीतून उठून तिने आरोळी ठोकली. समोर रिकामी फरशी, पलीकडे दार. कंदीलवाला दोन पावलं चालला आणि मेला.

“हे काय झालं?”

“काटे,” मामा म्हणाले.

“कुठे दिसले?”

“दिसत नाहीत. पडल्यावर कळतं.”

भिंगरीने मला मांडीवर ठेवलं. “मामा, उडी चुकत होती तेव्हा मी स्वतःवर चिडत होते. आत्ता तुझ्यावर चिडलेय.”

“लेव्हल अवघड आहे. जमत नसेल तर खेळू नये.”

“ही अवघड नाही, दुष्ट आहे. जे दिसतच नाही, त्यातून माणसाने शिकायचं काय?”

“मला दिसलं होतं का?” मामांचा आवाज चढला. “शिडी सरकायच्या आधी मला कुणी दाखवलं होतं?”

भिंगरीचे डोळे भरून आले, पण ती मागे हटणारी नव्हती.

“नव्हतं दाखवलं. वाईटच झालं ते. पण या बिचाऱ्या कंदीलवाल्याने तुझं काय घोडं मारलंय?”

ती जिना उतरून गेली. मामा पडद्याकडे वळले. मग त्यांनी ते काटे पुसून टाकले. एवढंच करून ते थांबले नाहीत. शेवटच्या फळीखाली, जिथे अंधार होता, तिथे एक कंदील टांगला. फळी कुठवर येते ते आता लांबूनही दिसत होतं.

राहिली उडी. ती पार केल्याशिवाय लेव्हल खुली होणार नव्हती.

“मी खेळून देऊ?” दुसऱ्या दिवशी भिंगरीने विचारलं. “कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल की.”

“मग फट जराशी कमी कर.”

मामांनी फट एका विटेने कमी केली. पाहिलं. मान वाकडी केली आणि वीट काढून टाकली. “एकच दात उरलेल्या तोंडासारखी दिसते,” म्हणाले.

मग त्यांनी मला धरण्याची रीतच बदलली. मला टेबलावर सपाट ठेवलं. उडीच्या बटणावर अंगठ्याऐवजी पहिली दोन बोटं आली. आयुष्यभर सवयीने वापरलेली बोटं सोडून नवी शिकवायची, म्हणजे पुन्हा पाटीवर अक्षरं गिरवण्यासारखंच. दुपारमागून दुपार ते गिरवत राहिले. हळूहळू आखूड उडी बसली. मग लांब. दोन्ही लागोपाठ मात्र काही केल्या जमेनात.

आणि नेमक्या त्याच वेळी मी दगा दिला. माझ्या उडीच्या बटणाखालची रबराची टिकली फाटली. अर्धवट दाबलेलं मला कळेनासं झालं. भिंगरी म्हणाली, नवा घेऊ. मला वाटलं, संपलं आपलं, आता पुन्हा तो खण. पण मामा म्हणाले, “इतक्या दिवसांत आमची बोटं आणि हा, एकमेकांना ओळखायला लागलेत. उघडून बघू.”

भिंगरीने दुकानातून चष्म्याच्या स्क्रूचा बारीक पेचकस आणला. घरातल्या एका बंद पडलेल्या रिमोटमधून रबराची टिकली कापून काढली. आतला मळ पुसला. बारीक स्क्रू भिंगरी बसवायला निघाली, तर मामा म्हणाले, “दे इकडे.” त्याच हट्टी अंगठ्याने आणि बोटाने त्यांनी तो धरला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा बसला. मला वेदना होतात की नाही, माहीत नाही. पण इतक्या काळजीने मला तोवर कुणी हाताळलं नव्हतं.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मामा खेळत होते. अक्का दारात येऊन म्हणाल्या, “जेवायला चला, गार होतंय.”

“थांब!” मामा-भाची एकदमच ओरडले.

आखूड. लांब. कंदीलवाला फळीच्या अगदी कडेला टेकला, डगमगला, सावरला. मग चालत दारापाशी गेला आणि दार उघडलं. भिंगरीने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या घरातले लोक काय झालं म्हणून विचारायला आले. मामा ओरडले नाहीत. आपली दोन बोटं वर करून बघत राहिले, जणू ती कुणीतरी नुकतीच भेट दिली होती.

लेव्हल खुली झाली. दूरदूरचे लोक तिच्यात पडले, वैतागले, परत आले. एकाने लिहिलं, “किती वेळा मेलो त्याला गणती नाही, पण एकदाही फसवला गेलो असं वाटलं नाही.” मामांनी ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं आणि भिंगरीच्या ताटाकडे बघत म्हणाले, “श्रेय अर्धं हिचं.” भिंगरी म्हणाली, “अर्ध्याहून जास्त!”

फोनच्या खुर्चीवर मामा फार दिवस टिकले नाहीत. त्यांनीच ऑफिसात जाऊन सांगितलं, नव्या लोकांना काम शिकवायला मला द्या. आता ते शिकवतात. शिडीवर चढायच्या आधी तिचे पाय कसे तपासायचे, हा त्यांचा पहिला धडा असतो, असं भिंगरी सांगते.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू राग आला म्हणून आपटू नका. तिच्यावर काढलेला राग तिला समजत नाही, तडा मात्र जातो. बिघडली तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि कधी कुणासाठी काही अवघड रचलंत, तर खुशाल अवघड रचा. फक्त वाटेवर उजेड ठेवा.

आता घरात नवा कंट्रोलर आला आहे. मामा-भाची दुसरी लेव्हल रचताहेत, ती त्याच्यावर खेळून बघताहेत आणि कडाकडा भांडताहेत. मी भिंतीवरच्या फळीवर निवांत बसणार होतो, पण गेल्या आठवड्यात अक्कांनी मला खाली काढलं. “एवढं काय आहे त्यात, बघू तरी,” म्हणून बसल्या. अजून त्या पहिल्याच मजल्यावर आहेत. भाजी दोनदा करपली. मला हातातून सोडायला काही तयार नाहीत.