मधली जागा

बालाजीने सवयीने मागचं दार उघडलं, आणि उघडल्यावर त्याला आठवलं. दार हातात धरून तो तसाच उभा राहिला. लावावं तर वाईट दिसणार, न लावावं तर आणखीच वाईट.

"लाव ते," सिद्धोधन म्हणाला. "धूळ जायलीय आत."

बालाजीने दार अगदी हळू लावलं. परभणीच्या शोरूममधला हा माणूस. इतक्या वर्षांत त्याने दोन-तीन शोरूम बदलले, पोट सुटलं, केस गेले. पण नवीन मॉडेल आलं की ते ताडकळसला सिद्धोधनच्या दारात आणायचं, ही रीत काही त्याने मोडली नाही. आषाढात सिद्धोधनची बायको रेणुका गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही तो आला होता आणि मागच्या रांगेत बसून गेला होता. त्यानंतर आज पहिल्यांदाच गाडी आली होती.

सिद्धोधन पूर्ण्याच्या कॉलेजात क्लार्क होता, गेल्याच वर्षी निवृत्त झाला. स्वतःची गाडी त्याने कधीच घेतली नाही. दारात मोटारसायकल, आणि डोक्यात मात्र जगातल्या झाडून सगळ्या गाड्या. परभणीच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेली वीस वर्षं तो गाड्यांवर 'आपला रस्ता' नावाचं सदर लिहीत होता. "आचाऱ्यासारखं हाय तुमचं," रेणुका म्हणायची. "दुनियेला वाढायचं अन् आपुन उपाशी."

मोठ्या मासिकांतली मंडळी गाडी घाटात नेतात, मावळतीच्या उन्हात तिचे फोटो काढतात आणि ती वाऱ्याशी कशी बोलते ते लिहितात. ताडकळसात वाऱ्याशी बोलायला कुणाला सवड नाही. सिद्धोधनचा रस्ता ठरलेला: ताडकळसहून निघायचं, गोदावरीचा पूल ओलांडून पालम गाठायचं आणि परत फिरायचं. उसाच्या ट्रॉलीमागे रखडताना इंजिन तापतं का, रंग उडालेल्या गतिरोधकावर पोट घासतं का, डिकीत सरकीची पोती मावतात का, एवढंच तो बघायचा. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्यांवर त्याने एक अख्खा लेख लिहिला होता. त्यावरून गावातली निम्मी मंडळी रुसली, पण प्लास्टिक कुणीच काढलं नाही.

एवढं असलं तरी लोक सदर वाचायचे ते खालून वर. शेवटचा तुकडा असायचा 'मागची सीट', आणि तो रेणुकाचा होता. चाचणीला पुढे शेजारी शोरूमचा माणूस बसणार हा नियम, म्हणून ती मागे. सिद्धोधनचंही म्हणणं तेच होतं की पुढची सीट सगळ्याच गाड्यांची चांगली असते, गाडीची नियत मागे बसल्यावर कळते. घरी आल्यावर चहाचं आधण ठेवता ठेवता ती जे बोलेल ते तो शब्दाला शब्द छापायचा. "दार लावायला लय जोर लागतो. म्हाताऱ्या माणसाला न्हाई जमायचं." "एसीचं वारं तुमालाच. आमी मागचे काय माणसं न्हाईत?" सोनपेठच्या एका वाचकाने गाडी घेण्याआधी फोन करून सरळच विचारलं होतं, "सर, तुमचं राहू द्या. बाईंचं काय म्हणणं हाय?"

तिच्या बसण्यावरून मात्र दोघांचं दर वेळी वाजायचं. दोन्ही खिडक्या मोकळ्या सोडून ही बाई मधोमध बसायची, जिथे पायाखाली उंचवटा असतो आणि पाठीला काहीतरी टोचतं तिथे.

"रेणुका, कडंला सरक. मागची काच दिसंना मला."

"कडंला मळमळतं. मधी बरं वाटतं."

मग काय बोलणार? ज्यांना गाडी लागते त्यांनी मधल्या जागेवर बसून समोर बघावं, असा सल्ला त्याने वाचकांनाही देऊन टाकला. आणि आपली तक्रारही प्रत्येक गाडीच्या खाती नोंदवली, की मध्ये कुणी बसलं तर आरशात मागचं दिसत नाही.

ती गेल्यावर सदर बंद पडलं. मागच्या आठवड्यात पुरवणी बघणाऱ्या भक्तीचा फोन आला. पोरगी मनाने चांगली. म्हणाली, "सर, आता गाडी आली की शोरूममध्ये रीलवाले जमतात, कंपनीने पाठवलेली वाक्यं बोलतात आणि निघून जातात. लोक तुमचं विचारतात. पुन्हा सुरू करा ना." तो बरं म्हणाला. मग ती म्हणाली, "आणि मागची सीटही ठेवू या. काकू कशा बोलायच्या ते तुमच्याइतकं कुणाला माहीत? तुम्हीच लिहा त्यांच्यासारखं. कुणाला कळणार आहे?"

त्याला राग यायला हवा होता. पण फोन ठेवायच्या आत रेणुकाच्या तोंडचं एक वाक्य त्याच्या डोक्यात तयार झालं होतं, थेट तिच्या हेलासकट, आणि तो घाबरला. असं लिहीत गेलं तर कुठलं तिचं आणि कुठलं आपण रचलेलं, हे काही दिवसांनी आपल्यालाच कळणार नाही. दुधात पाणी घातल्यावर ते परत कोण निवडणार? आणि तो तुकडा बंद केला तर ती खरोखरच संपली. मूलबाळ नव्हतं. रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरात तिचं बोलणं वाचलं जायचं, तेवढीच तिची जगातली खूण होती. आठवडाभर तो हे घोळवत होता आणि अजून त्याचं ठरत नव्हतं.

गाडी चांगली होती. ट्रॉलीमागे तापली नाही, खड्ड्यात आदळली नाही. एरवी अशा गाडीने त्याला गाणंच सुचलं असतं. आज हात सवयीने चालत होते म्हणून गाडी चालली होती. पुलाच्या अलीकडे एक गतिरोधक ऐनवेळी समोर आला. गाडी जरा उडाली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "लागलं का गं?"

बालाजी खिडकीबाहेर बघू लागला.

पूल ओलांडल्यावर सिद्धोधनने गाडी कडेला घेतली. "तू चालव. मी मागं बसतो."

"मागं? सर, गाडी तर तुमाला बघायचीय."

"मागच्या सीटचं लिहायचंय."

आधी तो खिडकीशी बसला. गुडघ्यांना जागा होती. एसीचं वारं मागेही येत होतं. रेणुका खुश झाली असती. मग चाचणी पुरती व्हावी म्हणून तो मध्ये सरकला. उंचवट्यामुळे पाय अवघडले, पट्ट्याचं बकल कमरेला रुतलं. पण रेणुका उंचीने त्याच्या खांद्याला लागायची. तेव्हा तो तिच्या उंचीइतका खाली घसरला आणि समोर बघू लागला.

समोर रस्ता नव्हता. दोन सीटच्या पाठी होत्या, त्यांच्यावरच्या उशा होत्या, मधल्या फटीतून गिअरचा दांडा दिसत होता. आपण वाचकांना दिलेला सल्ला त्याला आठवला. इथे बसून ती समोर बघायची तरी काय? त्याने मान जराशी वर केली.

वर आरसा होता आणि आरशात बालाजीचे डोळे होते. भुवया, कपाळ, कपाळावरचा घाम. ट्रॉली ओलांडताना ते डोळे बारीक झाले, पुढे मोकळा रस्ता मिळाला तसे निवळले आणि हसले. आपल्याकडे कुणी बघतंय हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं.

सिद्धोधनला एकदम उमगलं. ती त्याला बघायची. घरी तो पेपरात नाहीतर टीव्हीत डोकं घालून असायचा, जेवतानाही ताटाकडे लक्ष नसायचं. नवी गाडी हातात आली की मात्र तो पोरासारखा खुलायचा, आणि तो खुललेला चेहरा निवांत दिसायची जागा ही एवढीच होती. त्यासाठी ती बिचारी पाय आखडून या उंचवट्यावर बसली. मळमळतं म्हणाली. आणि आपण काय म्हणालो? कडंला सरक. आरशातून तो तिला दिसत होता तशी त्यालाही ती दिसतच होती, दर वेळी, समोर, हातभर अंतरावर. तिला अडचण म्हणून त्याने वीस वर्षं छापलं होतं.

"सर?" आरशातले डोळे त्याच्यावर आले. "मळमळायलं का? थांबू?"

"थांब जरा."

बालाजी खाली उतरला आणि उगाच टायर बघत लांब जाऊन उभा राहिला. सिद्धोधनने डोळे पुसले आणि तिथूनच भक्तीला फोन लावला.

"मागची सीट चालू ठेवा," तो म्हणाला. "पण तिच्यासारखं लिहिणं मला जमणार न्हाई. माझ्या नावानं छापा."

"चालेल सर. पण लिहिणार काय?"

"मी बसायलोय ना आता तिथं. जे दिसतंय ते लिहितो."

परतताना तो पुन्हा स्टिअरिंगवर बसला. पुलावर बालाजीला आपला धंदा आठवला, किंवा शांतता सहन झाली नसावी. "सर, यावेळी मागची काच मोठी दिलीय बगा. तुमची तक्रार असती ना दरवेळी. आता समदं दिसतं."

सिद्धोधनने आरशात बघितलं. खरंच सगळं दिसत होतं. मागे पडत जाणारा पूल, नदीचं पात्र, पलीकडची कापसाची रानं, पार लांबवर सरळ गेलेला पालमचा रस्ता. मध्ये काही आडवं येत नव्हतं. इतकी मोकळी काच त्याने वीस वर्षांत बघितली नव्हती.

"दिसायलंय," तो म्हणाला.

मग त्याने बोटाने आरसा हळूच खाली वळवला. काच गेली, रस्ता गेला, आणि आरशात फक्त मधली जागा उरली. बालाजीने ते पाहिलं. तो पट्टा सैल करून जरा तिरका बसला आणि मान वळवून मागे बघू लागला.

"टेम्पो यायलाय सर, जाऊ द्या त्याला," थोड्या वेळाने तो म्हणाला. "हां, गेला. आता कुणी न्हाई मागं."

ताडकळस येईपर्यंत मागचं तोच सांगत राहिला.