मांडवाखालची दाक्षायणी

स्टेशनचा लोखंडी मांडव पाडणार, ही बातमी आली तेव्हा फलाटावर एकच माणूस खूश झालं. दाक्षायणी. विजापूरकडे जाणारी लहान गाडी जिथं लागायची, त्या फलाटावर ती प्रवाशांना पाणी द्यायची. रांजण भरायचे, खिडक्यांतून पुढं आलेले तांबे भरायचे, गाडी गेली की फलाट झाडायचा.

मांडव म्हणजे फलाट आणि रूळ दोन्हींवर एकाच कमानीत टाकलेलं पत्र्याचं छत. खाली ओतीव बिडाचे खांब, वर छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या. साहेबाच्या काळातलं काम. सोलापूरच्या उन्हात तेवढीच एक गार जागा, म्हणून गाडी नसली तरी माणसं तिथं येऊन बसायची. दाक्षायणी मात्र त्याच्याकडे कधी मान वर करून बघायची नाही. चार वर्षांपूर्वी त्या कैच्यांना रंग देताना तिचा नवरा सोमलिंग खाली रुळांवर पडून गेला होता.

तो पडला, ते तिनं सोसलं असतं. पण कंत्राटदार आबासाहेबानं त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, की गडी सकाळीच टाकून आला होता. सोमलिंग गळ्यात लिंग बांधणारा माणूस. त्यानं ताडीचा थेंब कधी तोंडाला लावला नव्हता. तरी कागदावर तेच चढलं, आणि त्याच्या घरच्यांना काही मिळायचं होतं ते गेलं. स्टेशनमास्तरांनी दया येऊन दाक्षायणीला पाण्याच्या कामावर लावलं. ती आणि तिची सासू निंगव्वा त्यावर जगत होत्या. गल्लीतल्या बायका अजूनही नळावर हळू आवाजात म्हणायच्या, पीत होता म्हणे.

तेव्हापासून दाक्षायणी रागातच उठायची आणि रागातच झोपायची. आबासाहेब तिच्या हाताला लागणारा नव्हता. मांडव रोज डोक्यावर होता. मग ती मांडवावर दात खायची.

म्हणूनच चनबसप्पा वकील सह्या घ्यायला आले तेव्हा तिनं त्यांना उभंही केलं नाही. वकिलांनी मांडव वाचवायला गावातली चार मोठी माणसं जमवली होती. असा मांडव अख्ख्या जिल्ह्यात नाही, हा गेला तर गावाचं नाक गेलं, त्याच्या जागी सिमेंटच्या पत्र्याचं टीचभर छप्पर येणार आहे, असं ते कळवळून सांगत होते. तिचा नवरा तिथंच गेला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.

"एवढा आवडतो तर तुमच्या अंगणात न्या की," ती म्हणाली, आणि झाडू त्यांच्या पायांपर्यंत आणला.

वैशाखात काम सुरू झालं. दुष्काळाचं वर्ष होतं. मोहोळ-बार्शीकडची माणसं मिळेल त्या मजुरीवर राबायला तयार होती. पहिल्या दिवशी गडी शिडीवर चढले तेव्हा दाक्षायणी रांजणापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पहिला पत्रा खाली आदळला तेव्हा तिला बरं वाटलं. मग तिनं वळून बघितलं. खांबाच्या सावलीत खुर्ची टाकून, सोडा पीत आबासाहेब बसला होता. पाडायचं कंत्राटही त्यालाच मिळालं होतं.

तिचं बरं वाटणं तिथंच नासलं.

आठवड्याभरात अर्धा मांडव उघडा पडला. नवीन छप्पर कधी येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. फरशी इतकी तापायची की बायका पोरांना कडेवरून उतरवायच्या नाहीत. रांजण दुपारच्या आत कोरडे पडायला लागले. एक बाळंतीण गाडीची वाट बघता बघता भोवळ येऊन पडली. दाक्षायणीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला ओढत उरलेल्या सावलीत नेलं. तिथली निम्मी जागा आबासाहेबाच्या खुर्चीनं आणि उतरवलेल्या लोखंडानं अडवली होती. खुर्ची हलवा, असं तिनं आबासाहेबाच्या मुकादमाला सांगितलं. तो हसला.

वर काम करणाऱ्यांत मोहोळकडचा ज्ञानबा नावाचा एक गडी होता. पाणी प्यायला खाली आला की तो तळवे ओल्या मातीवर टेकवून उभा राहायचा. लोखंडानं भाजून तळव्यांना फोड आले होते. कमरेला दोर का बांधत नाही, असं तिनं एकदा त्याला विचारलं. दोर मागितला तर मुकादम घरची वाट दाखवतो, असं तो म्हणाला. घरी जाऊन खायचं काय?

त्या दिवसापासून दाक्षायणी वर बघायला लागली. बघायचं नाही असं ठरवूनही मान वर जायची. माणसं उघड्या कैच्यांवरून अनवाणी चालत होती, आणि ती त्यांचं प्रत्येक पाऊल मोजत होती.

दुपारची गाडी यायच्या वेळेला ज्ञानबाचा पाय सुटला. तो खाली आला नाही. कैचीची आडवी सळई त्याच्या काखेत अडकली आणि तो लोंबकळत राहिला. बाकीच्यांनी धावत जाऊन त्याला वर ओढलं. आबासाहेब खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"सकाळीच टाकून आला असंल," तो मुकादमाला म्हणाला.

दाक्षायणीच्या हातातला तांब्या फरशीवर पडला. ती तडक शिडीपाशी गेली. वर तोंड करून तिनं गड्यांना हाक मारली, आधी खाली या, पाणी प्या. ज्ञानबा काख दाबून उतरला, त्याच्यामागून सगळे उतरले. शेवटचा खाली आला तशी ती शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली.

मुकादमानं उठायला सांगितलं. ती उठली नाही. स्टेशनमास्तर धावत आले, बाई, तुमची नोकरी जाईल म्हणाले. जाऊ द्या, म्हणाली. शेवटी आबासाहेब स्वतः आला.

"काय पायजे तुला?"

"दोर. वर जाणाऱ्या प्रत्येकाला. तवर कोन बी वर जानार न्हाय."

"तू कोन सांगनारी?"

"सोमलिंगाची बायको." तिचा आवाज चढला नाही, पण हमालांपासून तिकीटघरापर्यंत सगळ्यांना ऐकू गेला. "हितंच पडला. तुमी म्हनला, पिऊन आलता. आज ज्ञानबा बी पिऊन आला म्हनता. तुमच्या कामावर फक्त पिनारेच पडत्यात व्हय?"

मेलेल्याला कशाला उकरतेस, असं काहीतरी आबासाहेब बोलला आणि तिचा दंड धरायला वाकला. ज्ञानबा मधे आला. त्याच्या काखेतून रक्त येत होतं, पण तो हलला नाही. मग हमाल आले. गाडीला आलेले प्रवासी आले. निंगव्वा सुनेची भाकरी घेऊन आली होती. काय झालं ते तिला कुणीतरी कन्नडात सांगितलं. भाकरीचं फडकं बाजूला ठेवून म्हातारी सुनेला चिकटून बसली.

दुसऱ्या दिवशी दोर आला नाही. दोघी आल्या. गडी खालीच बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही तेच. मग रेल्वेचा मोठा अधिकारी आला, दोर आणि परांची बांधल्याशिवाय कुणी वर चढायचं नाही म्हणाला, आणि काम बंद झालं. पावसाळ्यात ते बंदच राहिलं. दोर-परांचीच्या अटीवर त्या भावात काम घ्यायला कुणी पुढं येईना. तेवढ्या सवडीत चनबसप्पा वकिलांचे अर्ज मुंबईपर्यंत पोचले आणि उरलेला अर्धा मांडव ठेवायचा हुकूम आला.

आबासाहेबाला काही झालं नाही. दिवाळीपर्यंत त्याला दुसरीकडं पुलाचं काम मिळालं.

वकिलांनी फलाटावर सभा घेतली. दाक्षायणीला खुर्चीवर बसवलं, शाल-नारळ दिला, या बाईनं गावाचा ठेवा राखला, असं भाषण केलं. टाळ्या झाल्या. तिनं नारळ निंगव्वाच्या पदरात टाकला आणि उभी राहिली.

"मांडव मी राखला न्हाय. पडला असता तर मला चाललं असतं," ती म्हणाली. "वकीलसाहेब, लोखंडासाठी तुमी मुंबईपर्यंत अर्ज धाडलं. आता माझ्या नवऱ्यासाठी एक अर्ज लिवा. तो पीत नव्हता, एवढंच लिवायचं हाय."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला. फार वर्षं झाली, साक्षीदार लागतील, बघू, असं ते म्हणाले.

"बगू न्हाय. लिवा."

त्यांनी लिहिला. पुढच्या रविवारी, घरच्या ओसरीवर, तिला समोर बसवून. उत्तर त्या वर्षी आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दर रविवारी दाक्षायणी वकिलांच्या ओसरीवर जाऊन बसायची. चहा विचारला तर नको म्हणायची. काही आलं का, एवढंच विचारायची, आणि नाही म्हटलं की पुन्हा लिहा म्हणायची. वकिलांची बायको कंटाळली, वकील वैतागले, एकदा तर मागच्या दारानं निघून गेले. ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. ते परत आले, तिच्याकडे न बघता मेजाशी बसले, आणि त्यांनी नवा कागद ओढला.